शमीचं उष्टावण

आमच्या शमीच्या उष्टावणाचं तुम्हांला कधी सांगितलंच नाही वाटतं. पंच्याऐंशी साल असेल. पहिला घास मामाने भरवायचा, आणि मामा, म्हणजे माझा दादा, बुरोंडीला. मासळीच्या हंगामात होडी सोडून त्याला येता येईना. दोन मुहूर्त गेले. सासूबाईंनी मला बजावलं, "मामा येईस्तोवर पोरीच्या तोंडात अन्नाचा कण जायचा नाही."

सातव्या महिन्यात एकदाचा दादा आला. शमीला मांडीवर घेऊन त्याने खिरीचा चमचा पुढे केला. तिने चव घेतली, थुंकून टाकली आणि सासूबाईंकडे वळून भला मोठा आ वासला.

"माझ्याकडे काय बघतेस गो?" सासूबाई म्हणाल्या.

पोरीचं तोंड काही मिटेना.

"रोज थोडी पेज भरवत होते मी," त्या पुटपुटल्या. "पण पेज काय अन्न असतं? ते पाणीच."

दादा चमचा धरून तसाच बसलेला. "म्हणजे मावशी, माझा नंबर दुसरा?"

सासूबाई पदराने शमीचं तोंड पुसू लागल्या. शेवटी मीच म्हटलं, "तिसरा. नाचणीचं सत्त्व मी महिनाभर देतेय."