मांजर आहे ते, फुगा नाही!

...आणि वर वन्सं मलाच म्हणतात, "वहिनी, तुझं मन केवढंसं गं!" माझं मन! अहो, जिच्या घरात पडद्यापासून उशीपर्यंत मांजराचे केस आहेत, जिचा नवरा ऑफिसात शर्ट झटकल्याशिवाय खुर्चीवर बसत नाही, तिचं मन केवढंसं?

तुम्हाला सांगते, मी मांजरांच्या संस्थेत काम करते. संस्था म्हणजे काय, एका रिटायर्ड शिक्षिकेच्या घरामागची शेड. गाडीखाली सापडलेली, कुणी पिशवीत घालून टाकलेली मांजरं आणायची, बरी करायची, चांगलं घर बघून द्यायची. त्यातला आमचा ठोंब्या. दांडगा बोका, पण जबडा मोडलेला. मी चमच्यानं भरवायची. डॉक्टर म्हणाले, "ऑपरेशन लवकर करा, नाहीतर हा खाणं सोडेल." आता पैसे कुठून आणायचे? बसले बाजाराच्या कोपऱ्यावर टेबल मांडून, घरचे केक विकायला. लोक यायचे, वाकून बघायचे आणि विचारायचे, "यात केस नाहीत ना हो मांजराचे?"

तेवढ्यात आमच्या वन्सं आल्या. यांची धाकटी बहीण. "हे काय गं, टेबलं कसली मांडतेस? अख्खं ऑपरेशन माझ्याकडून!" मी तर भररस्त्यात गळ्यात पडले हो त्यांच्या! "फक्त एक छोटंसं काम कर," म्हणाल्या. "शनिवारी माझ्या चिमीचा वाढदिवस. तुमच्याकडे पिल्लं आहेत ना? अकरा दे. रिटर्न गिफ्ट!"

रिटर्न... गिफ्ट!

म्हटलं, "वन्सं, मांजर आहे ते, फुगा नाही!"

"अगं, रिबन मी आणते ना!"

रिबन! म्हटलं, "त्या मुलांच्या आईबापांना विचारलंत?" तर म्हणे, "सरप्राइज आहे!" "आणि नको झालं तर?" "मांजरच ना? जाईल कुठेतरी!" जाईल कुठेतरी! अहो, त्या कुठेतरीमधूनच तर आम्ही उचलून आणतो! ठोंब्या काय आभाळातून पडला होता?

घरी आले तर हे पेपरातून डोकं वर न काढता म्हणतात, "एवढं काय मागतेय ती? देऊन टाक. बोका तर वाचेल." आता खोटं कशाला बोलू, मी गेले शेडमध्ये. ठोंब्याकडे बघितलं. लाळ गळतेय, डोळे माझ्या चमच्यावर. वाटलं, देऊन टाकावीत. पिल्लं टोपलीत भरायलाही घेतली! तर त्यातलं सगळ्यात बारकं माझ्या चपलेत शिरून झोपलं. गाढ! आता ह्याला रिबन बांधू मी? फोन लावला. "वन्सं, जमणार नाही. मांजर आहे ते, फुगा नाही!" पलीकडून, "मग ऑपरेशनचंही मला जमणार नाही." खाडकन ठेवला!

मग काय... पुढच्या रविवारी दोन टेबलं! दुसऱ्या टेबलामागे कोण? हे! तोंड फुगवलेलं, पण ओरडतायत, "ताजा केक! केस नाहीत! मी स्वतः बघितलंय!" संध्याकाळपर्यंत सगळे केक खपले. ऑपरेशन झालं. टाके निघाले त्या दिवशी ठोंब्या पहिला चावला तो डॉक्टरांना. आणि डॉक्टर खूश! "पकड छान आहे!"

वाटलं, संपलं सगळं. कसलं संपतंय! परवा दारात एक गृहस्थ, हातात खोका. "तुम्ही प्राणी घेता ना?" म्हटलं, "मांजरं घेतो." "मग सशाचं बघा काहीतरी. वाढदिवसाला मिळाला, सोफा कुरतडला." मागे आणखी एक बाई, खोका घेऊन. तिच्या मागे आणखी कोणी. अकरा ससे! रिबनसकट!

मी भडकून फोन लावला, "वन्सं! ससे आमच्याकडे आलेत!"

"अय्या, छानच झालं की! नाहीतरी तुमच्या संस्थेला देणगी द्यायची राहिलीच होती माझी. बाहेरच्या पाटीवर नाव घालणार ना? स्पेलिंग तेवढं नीट लिहा हं."

लिहिलं... काय करता? घरातलंच माणूस. एका हातात ब्रश, दुसऱ्या हातात गाजर.