चाळीस खुर्च्यांची राखण

पंचावन्न सालचा मे महिना, पहिला रविवार, जागा पार्ल्यातल्या एका वाचनालयाची पडवी. चाळीस खुर्च्यांना पॉलिश करायचं, खुर्चीला अडीच रुपये, म्हणजे शंभर, त्यातले वीस आगाऊ. हजर कोण, तर वाचनालयाचे जोशी मास्तर, मी विश्राम मेस्त्री, माझी बायको आनंदी, आणि माझे दोन सोबती, बस्त्याव आणि तुकाराम. हे आधी लिहून घ्या, कारण त्या वीस रुपयांना माझा हात लागला नाही. मास्तरांनी ते सरळ आनंदीच्या हातात ठेवले. पाच वर्षं माझी मजुरी तीच घेऊन यायची. अंधेरीतल्या सगळ्या मालकांना ठाऊक होतं, मेस्त्रीच्या हातात पैसे द्यायचे नाहीत.

मी मूळचा कुडाळकडचा, सुताराच्या घरातला. बापाने रंधा शिकवला, पण माझा हात बसला पॉलिशवर. कपड्याचा बोळा घेऊन असा गोल गोल फिरवत गेलो की लाकडात तोंड दिसायचं, खोटं नाही सांगत. आता पॉलिश म्हणजे काय, तर चपडी लाख आणि स्पिरिट. काय सांगू तुम्हाला, दारूबंदी आली तेव्हा बाकीचे लोक खाडीकडच्या भट्ट्या शोधत फिरायचे, मला कुठे जावं लागत नव्हतं, माझी दारू माझ्या हत्यारांच्या पेटीतच होती. दोनदा इस्पितळात पडलो. डोळ्यांपुढे धुकं यायचं. डॉक्टर म्हणाले, तिसऱ्यांदा आलास तर डोळे परत नेणार नाहीस.

तिथेच बस्त्याव आला. मरोळचा ख्रिस्ती, भातशेतीवाला, पूर्वी स्वतः गाळायचा आणि स्वतःच प्यायचा. खाटेपाशी बसला आणि म्हणाला, उपदेश नाय करत रे, मी पण याच खोलीत पडलेलो, त्या खिडकीखाली. संध्याकाळी माझ्या ओट्यावर ये, चहा देतो. गेलो. तिथे तुकाराम होता, गोरेगावच्या तबेल्यात म्हशी दोहणारा. रोज साडेसहाला बसायचं, ज्या वेळी जीभ कोरडी पडायची त्याच वेळी. अध्यक्ष नाही, वर्गणी नाही. नियम एकच, जो कधी प्यायला नाही त्याने आम्हाला शिकवायचं नाही.

मी पॉलिश सोडलं आणि लाकडाच्या वखारीत हमाली धरली. आठ महिने केली, मजुरी निम्मी. आनंदी तेवढ्यात घर भागवायची. पण ओट्यावरच्या बाकड्यावर माझी बोटं आपोआप फिरायची, गोल गोल. बस्त्यावने ते बघितलं. तुकाराम म्हणाला, एवढं घरी बायकोला तरी कुरवाळतोस का रे? हसले सगळे. मला रडू आलं, कारण मला दुसरं काही येत नव्हतं आणि जे येत होतं त्याचंच भय होतं.

मग हे खुर्च्यांचं काम आलं. दमट हवेत पॉलिश पांढरं पडतं, म्हणून पावसाआधी संपवायला हवं. मी नको म्हटलं. बस्त्याव म्हणाला, बाटली माझ्याकडे राहील, बोळ्यावर लागेल तेवढंच मी ओतीन. तो दीड वर्ष न पिता राहिलेला, आमच्यात सगळ्यात जुना, म्हणून आम्ही निश्चिंत झालो. तीच आमची चूक.

नववा दिवस, चौदा खुर्च्या झालेल्या, भर दुपार. तुकाराम वैरण टाकायला गेलेला. मी बोळा पुढे केला, स्पिरिट पडेना. वर बघितलं तर बस्त्यावने बूच काढलेलं, बाटली नाकाशी, चेहरा घामाने भिजलेला. म्हणाला, विश्राम, घे रे ही, मना धीर नाय. आम्ही राखणदार नेमला, पण तोही पूर्वी आमच्याइतकाच प्यायलेला माणूस आहे, हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

आठ महिन्यांनी भरलेली बाटली माझ्या हातात आली. वास ओळखीचा. लाळ सुटली, ते लपवत नाही. मग बूच घट्ट बसवलं, बस्त्यावला दंडाला धरून मागच्या विहिरीवर नेलं आणि दोन बादल्या त्याच्या डोक्यावर, दोन माझ्या डोक्यावर ओतल्या. बाटली मधे ठेवून दोघे निथळत बसलो. तुकाराम आला, म्हणाला, काय रे, दोन रेडे डुंबून आले वाटतं? दूध हुंगावं तशी आमची दोघांची तोंडं हुंगली आणि म्हणाला, चला, उठा, सव्वीस राहिल्यात. त्या दिवसापासून बाटलीपाशी एकट्याने बसायचं नाही, कायम दोघे, आणि त्यातला एक मी.

चार वर्षं झाली. आता मी पॉलिशचंच काम करतो. बस्त्यावच्या बाकड्यालाही केलं, त्याचे पैसे घेतले नाहीत. तिथे आता अकरा जण बसतात. दोघे अधूनमधून पळतात, पितात, परत येतात, त्यांनाही चहा मिळतो. सगळे सुखी राहोत.

हिशेब तेवढा पुरा करतो. पावसाआधी चार दिवस चाळीसावी खुर्ची झाली. मास्तर उरलेले पैसे घेऊन आले आणि सवयीने आनंदीकडे वळले. तिने हात पदराखाली घेतले आणि म्हणाली, काम त्यांनी केलंय, त्यांना द्या. मास्तरांनी एकेक नोट मोजली. ऐंशी रुपये, विश्राम मेस्त्रीच्या हातात.