सूपभर कोंडा

कोंडाबाई : सूप दारात ठेवलंय, हरणामावशी. तू हात लाव, म्हंजे मी आत येते.

हरणाबाई : कुनी भरून दिलं हे?

कोंडाबाई : मीच भरलं. गिरणीतनं कोंडा आणला गव्हाचा, चाळून.

हरणाबाई : उठ, उनात बसू नगंस. तुज्या आईकडं जा. उद्या हळद, आन् आज परक्याच्या दारात ठाण मांडतीस.

कोंडाबाई : उद्या हळद म्हणून तर बसले. मांडव मनुआयच्या दारात घातलास. भिंतीला भिंत लागून माझ्या जन्माचं घर, आन् मी तिथनं सासरी जायचं न्हाई?

हरणाबाई : न्हाई. कोंड्यावर दिलीया तुला मी. चार बायांदेखत बोलले, ही माजी न्हाई, मनुबाईची.

कोंडाबाई : ते मरणाला फसवाय सांगितलंस. मला कशाला अजून सांगतीस?

मनुबाई : मी बी ऐकतीया बरं का, भिंतीपलीकडनं. आले थांबा. कोंडे, जरा सरक, मला टेकू दे.

हरणाबाई : मनुबाई, ने हिला. तुजी लेक हाय.

मनुबाई : लेक हाय म्हणूनच ऐकत न्हाई माझं. हरणे, आठीव की. मुंबईला ऑपरेशनला निघायच्या आदल्या दिवशी माझ्या अंगणात आलीस. पोर सुपात घालून द्यायची रीत, आन् हे आठ वर्साचं घोडं सुपात मावंना. मग एकच पाय ठेवला सुपात, आन् मी पदरात कोंडा घालून तुला वाटंला लावलं.

हरणाबाई : हसू नगंस. हिच्या आधीची दोन गेली माजी. हिच्या तर काळजापाशी नळी उघडी ऱ्हायलेली. आडावर जाऊन यायची तर भात्यागत धाप लागायची.

कोंडाबाई : ती नळी बांधली डॉक्टरांनी. काखंखालनं पाठीपातुर वण हाय, तू कवा बघितलाच न्हाईस. दहा वर्सं झाली. मेंढरांमागं माण देशापातुर चालत गेले. परवा कोयनेचा भूकंप झाला, तवा तुझी उतरंड कोसळली. माझं काळीज जागच्या जागी.

हरणाबाई : गप. दृष्ट लावून घेशील सोताची.

कोंडाबाई : धोका टळला की कोंडा फेडून पोर परत घ्यायची, असं ठरलं हुतं न्हवं?

हरणाबाई : मग टळला म्हणून कुनी सांगितलं? परवा मिरजेला गेलीस हुणाऱ्या नवऱ्याला, बिराप्पाला घेऊन. काय म्हणाला डॉक्टर? खरं सांग.

कोंडाबाई : चारचौघींसारखी वाग म्हणाले. लेकरंबाळं होऊ देत म्हणाले, बिराप्पासमोर. तो लाजून दाराकडं बघाय लागला. आन् वर्साला एकदा दाखवून जा म्हणाले.

हरणाबाई : बघ. टळला असता तर परत कशाला बोलावलं असतं?

कोंडाबाई : मी बी तेच इचारलं. म्हणलं, माझ्यासारख्या बाया म्हाताऱ्या होत्यात का? तर हसले. म्हणाले, ऑपरेशनच नवं हाय. आपल्याकडं ज्यांचं झालं ती समदी अजून तरणी हायत. म्हातारं कुनी मला बघायलाच मिळालं न्हाई.

हरणाबाई : ऐकलंस मनुबाई? म्हातारं कुनी झालंच न्हाई.

कोंडाबाई : मग पहिली म्हातारी मी हुईन. काठी टेकत जाईन मिरजेला. ते डॉक्टर नसलं तर त्यांच्या पोराला दाखवीन, बघ म्हणीन, अशी असती.

मनुबाई : आन् तवाबी ही हरणी दारात उभी ऱ्हाऊन म्हणंल, धोका टळू दे.

हरणाबाई : तुला काय जातंय बोलायला?

मनुबाई : माझं काय जातंय? दहा वर्सं माझ्या कुशीत निजली ही. परत घे म्हणताना माझं आतडं तुटतंय, हरणे. पर तूबी काय सुखानं निजलीस? भिंतीतली वीट कुनी काढली? हिचा श्वास ऐकायला कान लावून बसायचीस. पोरीला दिसू नये म्हणून मी कणगी सरकवून ठेवली तिथं.

कोंडाबाई : मला ठावं हुतं. मी मुद्दाम मोठ्यानं श्वास घ्यायची.

हरणाबाई : ...आन् घरात घेतल्यावर माजी दोन न्हेणारा त्यो आला, आन् इचारलं, ही तुजी का? तर?

कोंडाबाई : तर व्हय म्हण. इळा हातात घिऊन म्हण. अगं, असा टळल्याचा दिवस डॉक्टर कुनालाच देत न्हाई. बिराप्पा धडधाकट, त्याला तरी कुठं दिलाय? शाळंच्या हाजिरीत मी शालन, डॉक्टरच्या दारात शालन. तूच ठेवलेलं नाव, आन् तुज्याच तोंडी कवा आलं न्हाई. ते न ऐकता मी न्हाई जायची. बसले हितंच, हळद वाळू दे.

मनुबाई : ही हटायची न्हाई. तुजंच पाणी हाय.

(हरणाबाई सूप उचलते. कोंडा मनुबाईच्या पदरात ओतते.)

मनुबाई : दिला हुता त्याच्यापरीस लयच जास्त हाय की गं.

हरणाबाई : पोर बी वाढलीया.

मनुबाई : व्हय. वाढवली खरी. जाते मी, मांडव इकडं हलवायला सांगते.

हरणाबाई : थांब. शालन, तुजी चप्पल दारातनं बाजूला घे. मनुबाईच्या पायात येईल.