‘किंवा’ खोडणार नाही

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या वर्कशॉपचे मालक, सत्कारमूर्ती मिस्त्रीकाका, त्यांच्या शेजारी बसलेल्या काकू, माझे सहकारी, आणि ज्यांच्या गाड्या या घडीला बाहेर एकमेकींना अडवून उभ्या आहेत अशा सर्व ग्राहक बंधुभगिनींनो,

निवेदकांनी मला पाच मिनिटं दिली आहेत. त्यातली अर्धी माइक खाली करण्यात गेली, तेव्हा आढेवेढे न घेता बोलते. एकतीस वर्षांनी काका आज निवृत्त होताहेत. उद्या सकाळी नऊपासून त्यांच्या टेबलावर मी बसणार, जॉबकार्डावर सही माझी असणार. म्हणून आज कौतुकाबरोबर थोडं वेगळंही बोलणार आहे. मालकांना त्याची कुणकुण लागलेली दिसते, कारण मघापासून ते नुसते पाणी पिताहेत.

तुमच्यापैकी बरेच जण काकांना मागून ‘किंवा मिस्त्री’ म्हणतात. काका, रागावू नका, प्रेमानं म्हणतात. तेल बदललं की आपण बॉनेटच्या आत एक कार्ड अडकवतो ना, त्यावर काका लिहीत: ‘पुढचं तेल दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते.’ त्यातला ‘किंवा’ लाल शाईत, खाली दोन रेघा.

मी काउंटरवर नवीन लागले तेव्हा ती कार्डं लिहायचं काम माझ्याकडे आलं. हात दुखायचा. मला वाटलं, किलोमीटर लिहिले की पुरे, पुढचं कोण वाचतंय? आणि मी ‘किंवा’पासूनचं सगळं गाळायला लागले. असं एक कार्ड टायपिंगच्या क्लासवाल्या बाईंच्या गाडीत गेलं. बाई तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत. घर ते क्लास दोन किलोमीटर, तेवढंच येणं-जाणं. बाई शिस्तीच्या. कार्डावर दहा हजार लिहिलंय म्हणजे दहा हजार. तीन वर्षं गेली, दहा हजार काही होईनात, आणि एक दिवस गाडी दोराला बांधून आली.

काकांनी इंजिनाचं वरचं झाकण उघडलं. आत तेल म्हणावं असं काही उरलंच नव्हतं, चमच्यानं खरवडावा असा काळा थर होता. आपल्याला वाटतं, गाडी कमी चालते म्हणजे तेल ताजं राहतं. उलट आहे! दोन किलोमीटरांत इंजिन नीट तापतच नाही, आतली ओल उडून जात नाही, आणि तेल जागच्या जागी नासतं.

काकांनी कार्ड पाहिलं. अक्षर माझं होतं. काका बाईंना एवढंच म्हणाले, “बाई, कार्ड आमचं, चूक आमची. इंजिन आम्हीच उघडू, आम्हीच जोडू.” माझं नाव त्यांनी घेतलं नाही, त्या दिवशीही नाही आणि नंतरही कधी नाही. अकरा दिवस मी त्यांच्या शेजारी बसून एकेक भाग धूत होते. ओरडले असते तर बरं झालं असतं, असं मला रोज वाटायचं.

बाई, ते कार्ड मी लिहिलं होतं. तुम्हाला हे आज पहिल्यांदा कळतंय. मला हे सांगायला नऊ वर्षं लागली.

तर मुद्दा. ‘चांगलं तेल कोणतं?’ असं विचारणारे रोज येतात. एक गृहस्थ आले होते, म्हणाले, “मेहुणा म्हणतो जाड तेल घाला, इंजिन टिकतं.” काका म्हणाले, “गाडीबरोबर पुस्तक आलं होतं की मेहुणा?” पुस्तक डॅशबोर्डच्या खणात होतं, प्लॅस्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं. त्यात पातळ तेलाचा ग्रेड लिहिला होता, कारण त्या इंजिनातल्या वाटा अरुंद. जाड तेल सकाळी गार इंजिनात वरपर्यंत पोचायला वेळ लावतं, आणि तेवढ्या वेळात लोखंडावर लोखंड घासतं. ते गृहस्थ आज आलेत. मेहुण्यालाही घेऊन आलेत, बघा कसे हसताहेत!

आता मालक. गेल्या सोमवारी आपण नोटीस लावलीत: पुढच्या महिन्यापासून सगळ्या गाड्यांना एकाच पिंपातलं तेल, आणि छापील कार्ड, ‘दर पाच हजार किलोमीटर’. तुमचा हेतू वाईट नाही, धांदल कमी होईल हे मला मान्य आहे. पण बाईंचे पाच हजार पाचव्या वर्षी होतील. आपले टॅक्सीवाले भाऊ लांब पल्ल्याचे, त्यांचे महिन्याभरात होतात, म्हणजे त्यांचं चांगलं तेल आपण ओतून देणार. आणि ज्या डिझेल गाड्यांना धुरातली काजळी अडवणारी जाळी आहे, त्यांची जाळी चुकीच्या तेलानं तुंबणार. घरातल्या सगळ्यांना आपण एकच चष्मा लावतो का?

म्हणून सगळ्यांसमोर सांगते. माझी सही असेल त्या कार्डावर त्या गाडीच्या पुस्तकातलाच ग्रेड असेल, किलोमीटर असतील, महिनेही असतील, आणि मध्ये ‘किंवा’ असेल. हे चालणार नसेल तर ते टेबल दुसऱ्या कुणाला द्या. मी काउंटरवर परत जाईन, पण त्या पिंपाची तोटी माझ्या हातानं उघडणार नाही.

काय म्हणालात मालक? ‘उद्या बोलू’? जरूर. मी नऊला येते, पहिली गाडी साडेनऊला लागते. अर्धा तास पुष्कळ झाला.

काका, तुमच्या हाताखाली शिकले याचा मला अभिमान आहे, आणि उद्यापासून तुम्ही नसणार याची भीतीही वाटते. काकू, इतकी वर्षं यांचे तेलकट कपडे तुम्ही सोसलेत, आम्ही तुमचे ऋणी आहोत. आपण सगळे वेळ काढून आलात, शांतपणे ऐकलंत, मनापासून आभार. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर मोठ्या मनानं पोटात घाला. तेलात चुकले तर मात्र पोटात घालू नका. गाडी घेऊन या आणि मला नावानं हाक मारा.