मोबाईलसाठी गाऱ्हाणं

बापूकाकांच्या मुलीच्या लग्नाचं तुम्हाला सांगायचं राहिलंच. संध्याकाळचा मुहूर्त, अंगणात मंडप, पाऊस आलाच तर गावची शाळा, आणि दुपारीच माझ्या मोबाईलवर सूचना आली. हल्ली एआय आपल्या गावापुरताही अंदाज देतं: चहाच्या वेळी जोराची सर, मुहूर्ताआधी कोरडं.

काका उखडले. "बाबल्या, तुझो मोबाईल माका पाऊस शिकयतलो?"

चहा गाळत असतानाच सर आली. काका जरा नरमले. "फुडे काय म्हणता तो?"

"मुहूर्ताआधी थांबतलो पाऊस."

"मगे लगीन हयच! शाळेत नेऊचा नाय."

पण पाऊस थांबेना. वऱ्हाड वाटेवर होतं. काकी माझ्याकडे डोळे वटारून बघत होत्या. शेवटी काकांनी देवापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं, "बा देवा महाराजा, बाबल्याच्या मोबाईलान जा काय सांगल्यान, ता खरा कर रे महाराजा!"

आम्ही सगळे ओरडलो, "व्हय महाराजा!"

वऱ्हाड दारात आलं आणि पाऊस उघडला. अक्षता मंडपातच पडल्या. मग काकांनी नारळ फोडला, एक वाटी देवापुढे ठेवली आणि दुसरी माझ्या हातात दिली.

"ही तुका न्हय हां, मोबाईलाक. उशीर केल्यान, पण मान चुकवून चलाचा नाय."