पिवळं पाकीट

अहो, नुसतं बघताय काय, नाक घाला की आत! घाला, घाला—विष नाही आणलेलं मी. हे माझं जुनं पाकीट, तळाला चिमूटभर उरलीय. आणि हे तुम्ही चार दिवसांपूर्वी दिलेलं नवं. दोन्ही पिवळी, दोन्हींवर तीच किटली छापलेली. आणि चव? जुन्याचा चहा म्हणजे चहा, आणि या नव्याचा म्हणजे गरम पाण्यात भिजवलेला पुठ्ठा! काय समजता हो तुम्ही लोक—म्हातारी कधी नव्हे ती जिना उतरून दुकानात आलीय, मारा भेसळ तिच्या गळ्यात? अडुसष्ट वर्षं काढलीत मी, तुमच्यासारखे दुकानदार कोळून प्यायलेय. आणि तुम्ही हो, मागचे टोपीवाले, उसासे कसले टाकताय? आधी स्वतःच्या टोपलीत बघा—चिरलेली भाजी! घरात सुरी नाही का? भाजीला एक भाव आणि चिरायला दुसरा, आणि वर घाई म्हणे. थांबा जरा.

हं, तर भाऊ, मला शिकवू नका. यादी केल्याशिवाय दुकानात पाऊल टाकायचं नाही, भुकेल्या पोटी तर नाहीच नाही, आणि घ्यायचं ते सगळ्यात खालच्या फळीवरचं—महागाचं तुम्ही डोळ्यांसमोर मांडता आणि स्वस्तासाठी माणसाला वाकायला लावता, मला काय कळत नाही? वाकून वाकून गुडघे गेले माझे, पण वरच्या फळीला हात लावला नाही कधी. आता चौथा मजला, लिफ्टचा पत्ता नाही, म्हणून गेली तीन वर्षं सून यायची तुमच्याकडे. एक तारखेला लिफाफ्यात मोजून पैसे, सोबत यादी, आणि यादीत पहिलं नाव पिवळ्या चहाचं. लोक हसतात—हसू देत. समोरच्या दारातली ती शिष्ट बाई, परदेशी डबे फोडते आणि महिनाअखेरीला वाटी घेऊन साखर मागायला येते! मी देते, पण वाटी सपाट करून देते. ती डोंगर करून मागते ना—मी बोट फिरवते वरून.

काय म्हणालात? स्वस्त चहा असाच लागतो? अहो, जीभ कशाने ठरवते ठाऊक आहे का तुम्हाला? डोळ्याने! आमचे हे—आता नाहीत ते, सात वर्षं झाली—मीटर तपासनीस होते, आणि तोरा असा की जणू वीज यांनीच शोधली. लग्न झालं तेव्हाच बजावलं मला, मी फक्त लाल डब्यातला चहा पितो. बरं, म्हटलं. एक लाल डबा आणला, संपला, आणि मग सव्वीस वर्षं, भाऊ, सव्वीस वर्षं त्यात हा पिवळ्या पाकिटातला भरला. यांना पत्ता नाही! पाहुणे आले की डबा हातात घेऊन मिरवायचे, घोट घेऊन डोळे मिटायचे, ‘याला म्हणतात चहा.’ मी आत तोंडात बोळा कोंबून हसायची. असल्या माणसाची काय कीव करायची? पण त्याच पैशातून, अशाच सतरा युक्त्यांतून, मी दोनाऐवजी तीन खोल्यांचं घर घेतलं. मुलाचं लग्न झालं तर त्याला दार लावून घेता यावं म्हणून. सून आली त्याच दिवशी स्वयंपाकघरात उभी करून तिला हे सगळं सांगितलं. म्हटलं, संसार करायचाय ना, मग शीक—माणूस डबा पितो, चहा नाही. बघत राहिली माझ्याकडे. पदवीधर, पण बिस्किटांचा पुडा उघडा टाकणारी, दिवा चालू ठेवून खोलीबाहेर जाणारी. पण हे एक तेवढं शिकली बरं का. पाकीट संपलं तरी फेकायची नाही, त्यातच पुन्हा भरायची, तोंडाला कपड्यांचा चिमटा. बघा ना, कडा कशा मऊ पडल्यात, घडीवरची किटली पुसली गेलीय. मी एकदा म्हटलंही, वा, निदान पाकीट तरी वाचवायला शिकलीस. हसली.

अहो, कुठली कौतुकाची सून घेऊन बसलात! चोर निघाली ती. हळू कशाला बोलू, ऐकू दे टोपीवाल्यांना. नोकरी करते ना, तर पगारातले दोन हजार दर महिन्याला गायब. मुलगा बोलता बोलता बोलून गेला, त्याला कसला हिशोब, बायकोपुढे मान डोलावणारा नंदीबैल. मी मात्र लगेच ओळखलं. गेल्या मंगळवारी समोर बसवून विचारलं, माहेरी पोचवतेस ना? तुझ्या आईचं घर भरायला दिलंय का मी माझं पोर? हो, असंच म्हटलं. का म्हणू नये? आणि ती गप्प! एक अक्षर नाही. खोटं असतं तर बोलली नसती का माणसासारखी? माझ्याकडे बघितलं, मग ओट्याकडे बघितलं, आणि आत जाऊन बॅग भरली. मुलगाही तिच्यामागे. तिच्या मैत्रिणीकडे राहतायत. आता निरोप धाडलाय मला—आज पाचपर्यंत तिला फोन कर, बोललीस ते मागे घे, नाहीतर आम्ही दुसऱ्या घराचे आगाऊ पैसे भरतो. भरा म्हणावं! मला धमक्या? साडेचार झालेत ना, होऊ देत पाच. एकीला काय लागतं हो? उलट खर्च निम्म्यावर येईल. फक्त सकाळी चहाचं पाणी किती घ्यायचं ते लक्षात राहत नाही, तीन कपांचंच घेतलं जातं, आणि ओतून द्यायला जीव होत नाही म्हणून तिन्ही मीच पिते. आणि तो हा असला, पुठ्ठ्याचा! म्हणून तर आले. बदलून द्या.

तारीख? कसली तारीख? कुठे, या जुन्यावर? चष्मा नाही आणलेला मी, तुम्हीच वाचा. तीन वर्षांपूर्वीची? मग काय झालं, सांगितलं ना पाकीट तेच वापरायची, आतला माल नवा. नव्या पाकिटांतला, दुसरा कुठला! दर महिन्याला तुम्हीच तर विकलंत—

म्हणजे काय, नाही विकलं?

एकदाच? त्यानंतर एकदाही नाही? तुम्ही दुसऱ्याच कुणाला तरी माझी सून समजताय. उंचशी, कपाळावर जखमेची खूण... हो. हो, तीच. मग काय न्यायची? लाल डबा? अहो, लाल डबा माझ्या यादीत बसेल तरी का, लिफाफ्यात पैसे किती असायचे मला ठाऊक नाही? दोन बिलं? एक यादीचं, आणि एक... स्वतःच्या पर्समधून.

घ्या, तुम्हीच या जुन्याचा वास घ्या पुन्हा. नीट घ्या. लाल डब्याचाच?

तांदूळ? तांदूळ मी लिहायची तो, तुकडा. मोठ्या दाण्याचा नाही, मला शिजल्यावर कळलं असतं—कळलं असतं की. मी तर म्हणायची, स्वस्ताचा असूनही बघ कसा मोकळा होतो, शिका काही. जेवताना रोज म्हणायची. ती वाढत असायची. आणि तेल? तेलसुद्धा. आणि अंगाला लावायचा साबण, तोही? पुरे. पुरे म्हटलं ना, बिलांचं बाड उघडू नका ते, मला नाही बघायचं. किती व्हायचं सगळं मिळून महिन्याचं?

दोन हजार.

मेली... मेली बोलली का नाही? समोर बसली होती, नुसतं ओट्याकडे बघत होती, एक शब्द बोलली असती—आणि बोलून काय सांगणार होती, सासूबाई, तुम्ही डबा पिता?

हसू नका हो टोपीवाले. नाही, तुम्ही हसत नाही आहात, माहीत आहे मला. किती वाजले? पाच व्हायचेत ना अजून?

फोन आहे ना तुमच्याकडे? तिचा नंबर असेल, यादी पाठवायची ना ती तुम्हाला. मला कुठला पाठ असायला, मुलगाच लावून द्यायचा. लावा. बघत काय बसलात, लावा म्हणते ना! आणि ते पिवळं ठेवा तिकडे, परत नको, पैसेही नकोत.

वाजतोय? नाही, माझ्या हातात देऊ नका. तुम्हीच बोला. सांगा तिला, सासूबाई दुकानात आल्यात, खाली उतरून. विचारा, चहा कुठला घ्यायचा. एवढंच विचारा. आणि तुम्ही, टोपीवाले, या की पुढे, टोपली ठेवा—मघापासून घाई होती ना तुम्हाला!