एकशे बाराव्या पानावरची चिठ्ठी

(वैशाख, १९४८. कर्जतजवळ भिसेगावात टिपणीस वकिलांचं घर. पुढच्या खोलीत त्यांची कचेरी. दुपार.)

विठू : …तर पोपट मला म्हनाला, अरे, विहिरींच्या कलमावर कुळांची चिठ्ठी कशापायी डकवलीस?

वकील : हा पोपट कोण?

विठू : पनवेलच्या वकिलांचा कारकून. सकाळी खालापूरच्या कचेरीत शेजारी बसून आपलं पुस्तक चाळत व्हता. त्याच्याकडं बी आपल्यासारखंच कुळकायद्याचं पुस्तक हाय. निळ्या पुठ्ठ्याचं.

वकील : ती नवी आवृत्ती. आपल्याकडेही आहे की कपाटात.

विठू : कपाटातच हाय, भाऊसाहेब. आणली तशी ठेवली, घडी बी मोडली नाय तिची.

वकील : जुनीच बरी. तिच्या समासात माझी आठ वर्षांची टिपणं आहेत. नव्या पुस्तकात मला माझंच डोकं सापडत नाही.

विठू : तेच तर नडलं. चिठ्ठ्या आल्या नव्या पुस्तकाच्या, न् मी लावल्या जुन्यात.

वकील : म्हणजे? नीट सांग. घाम पूस आधी.

विठू : कायदा बदलला की मुंबईचे पुस्तकवाले छापील चिठ्ठी धाडतात. तिच्यावर पानाचा आकडा असतो. तेवढं पान काढायचं, जुना मजकूर झाकायचा, वर चिठ्ठी चिकटवायची. वीस वर्सं ह्येच करतोय मी, सगळ्या पुस्तकांना. इंग्रजी येत नाय, पन आकडे येतात. गेल्या साली जी चिठ्ठी आली तिच्यावर होतं, पान एकशे बारा. निळ्या पुस्तकात एकशे बाराव्या पानावर कुळांचं कलम हाय. आपल्या तांबड्यात त्या पानावर विहिरी. मी विहिरींवर चिठ्ठी लावली. न् आपलं कुळांचं कलम नव्वदाव्या पानावर तसंच उघडं ऱ्हायलं, जुनंच्या जुनं.

वकील : आण ते इकडं. माझा चष्मा… डोळ्यावरच आहे. एकशे दहा, एकशे बारा. हं. ही चिठ्ठी… थांब जरा. बोलू नकोस.

विठू : मी कुठं बोलतोय.

वकील : पंचेचाळीस. इथं पंचेचाळीस म्हटलंय, विठू.

विठू : म्हंजी काय होतंय?

वकील : नव्वदाव्या पानावर काय आहे, सन अडतीसच्या आधी सहा वर्षं सलग जमीन कसली असेल तरच ते कूळ पक्कं. ही चिठ्ठी म्हणते पंचेचाळीसच्या आधी सहा वर्षं. तेवढी भरली की मालकाला कुळाला सहजासहजी उठवता येत नाही.

विठू : धोंडूकाकी छत्तीस सालापास्नं कसते.

वकील : ती कधीपासून कसते ते मला सांगू नकोस! मीच तिला सांगितलं ना, तुझी वर्षं भरत नाहीत, भांडून उपयोग नाही, राजीनामा लिहून दे, खाचरं मालकाला सोड. … हळू बोल. ती ओट्यावरच बसलीय ना?

विठू : माझ्याच गाडीनं आली खोपोलीहून. उद्या मामलेदारापुढं काय बोलायचं ते तुमाला विचारायला. पानाच्या द्रोणात करवंदं आनलेली तिनं. सबंध वाटंत मला देत व्हती न् मी खात व्हतो. पोपटाचं एक अक्षर बोललो नाय.

वकील : चिठ्ठी आली तेव्हा मी कुठे होतो?

विठू : अलिबागला. ताईंच्या लग्नाला निघाला व्हता. मी टांग्यापाशी आलो, म्हनलं, भाऊसाहेब, हितल्या ओळी चिठ्ठीशी जुळताना दिसत नायत, दाखवू का? तुमी टांग्यात पाय ठेवला न् म्हनलात, इंग्रजीतलं तुला काय कळतंय? आकडा बघ आणि लाव.

वकील : मी असं म्हटलं?

विठू : रोजच म्हनता. त्या दिवशी बी म्हनलात.

वकील : टोमणे नंतर मार. … आणि कायदा बदलतोय हे मी वर्तमानपत्रात वाचलं होतं, हेही खोटं नाही. म्हटलं, चिठ्ठी येईल, विठू लावेल. मग नव्वदावं पान उघडलं, पान तसंच. म्हटलं, चला, आपल्या कलमाला धक्का लागलेला नाही. वर्षभर मी ते पान कुळांना वाचून दाखवतोय. खणखणीत आवाजात.

विठू : तुमचा आवाज ऐकूनच मान्सं गप व्हायची.

वकील : खळ आहे का शिल्लक?

विठू : हाय डब्यात.

वकील : मग बस इथं. पाणी लावून ती चिठ्ठी सोडव आणि नव्वदाव्या पानावर लाव. अलगद.

विठू : निघायची नाय ती. खळीत मोरचूद घातलेला हाय, वाळून पार दगड झालीय. तुमीच म्हनला व्हता घाल, कसर लागते पुस्तकांना. वढली तर पान फाटंल, चिठ्ठी बी जाईल.

वकील : मग निळं पुस्तक काढ. त्यात काही लावलेलं नाही ना? मुंबईला लिहून दुसरी चिठ्ठी मागवू, आणि हे तांबडं…

विठू : हे तांबडं?

वकील : माळ्यावर.

विठू : न् काकीला काय सांगायचं?

वकील : काकीला सांगू, उद्या नाही म्हण. मामलेदार विचारतील, राजीखुशीनं जमीन सोडतेस का? तिनं म्हणायचं, नाही. संपलं. मामलेदारांपुढं नाही म्हटलं की राजीनाम्याला काही किंमत राहत नाही. तिची खाचरं तिची. तिचं नुकसान मी होऊ देणार नाही, एवढा हलकट नाही मी.

विठू : न् बाकीचे?

वकील : कोण बाकीचे?

विठू : तुमाला ठावं हाय, भाऊसाहेब. ह्याच पानावर सात आंगठे झालेत वर्सात. माझ्याच हाती शाईची डबी व्हती.

वकील : त्या सातांवर मामलेदारांची सही पडलीय. जमिनी मालकांकडे गेल्या. त्यांना आता सांगून काय मिळणार? नुसता जाळ. ते माझ्या दारात येतील, तुझ्या दारात येतील. तीस वर्षांत टिपणीस वकिलांनी चुकीचा सल्ला दिला असं कोणी म्हटलेलं नाही. आणि तू? तुला दुसरा कोण ठेवील, चिठ्ठ्या चुकवणारा कारकून म्हणून? आपण दोघं एकाच खड्ड्यात आहोत, विठू.

विठू : मला मोजून दाखवू नका. त्या सातांत पयला आंगठा चांगोचा हाय.

वकील : …हो.

विठू : माझा सख्खा भाऊस. तो वकिलाकडं यायला बी तयार नव्हता. म्हनायचा, बारा वर्सं मी चिखल तुडवला, मी सोडायचा नाय. मीच त्याला समजावलं, हट्ट करू नको, पुस्तकात तसं हाय. मी पुस्तक काखेत मारून गेलो व्हतो त्याच्या घरी. दाखवलं सुदिक, ह्ये बघ, नव्वदावं पान. त्याला वाचता येत नाय न् मला इंग्रजी येत नाय. दोघं भाऊ त्या पानाकडं बघत बसलो. मंग हितं येऊन आंगठा केला न् तुमाला म्हनला, बरं साहेब.

वकील : आता कुठे असतो तो?

विठू : नेरळला, वीटभट्टीवर. त्याच्या खाचरांत मालकानं आंब्याची कलमं लावलीत. शिमग्याला आला तवा बांधावर हुबा ऱ्हाऊन बघत व्हता. मला म्हनतो कसा, कलमं चांगली धरलीत रं.

वकील : विठू… बोलाव तिला आत. आणि पुस्तक मिटून ठेव.

विठू : काकी! या आत.

धोंडूबाई : आले बाबा. पाय बधिर झालं बसून बसून. राम राम, वकीलसाब. करवंदं आनलीत थोडी, पार उनात वाळली.

वकील : राहू दे, राहू दे. बस, धोंडूबाई. हे बघ, उद्या मामलेदारसाहेब तुला विचारतील, जमीन राजीखुशीनं सोडतेस का. तर तू म्हणायचं, नाही.

धोंडूबाई : नाय?

वकील : नाही सोडत, असं ठणकावून सांगायचं.

धोंडूबाई : आवं, पन तुमीच तर म्हनला व्हता, राजीनामा दे. मी आंगठा केला त्याला पंदरा दिस झालं. बियानं जनाला वाटून दिलं. भावाला सांगावा धाडला, मी न् माजी लेक शकू येतोय तुज्याकडं ऱ्हायाला. सा म्हयनं मी माजी मला समजावत्येय. आता कुठं रातीला डोळा लागाया लागला, न् तुमी म्हनता नाय म्हन?

वकील : तुझ्याच भल्याचं सांगतोय.

धोंडूबाई : तवा बी भल्याचंच सांगत व्हता.

वकील : धोंडूबाई, मी वकील आहे. सांगतो तेवढं कर.

धोंडूबाई : न् सायेब म्हनलं, बाई, आंगठा तुजाच ना, मग आज नाय का? तर मी काय सांगू? मी काय येडी दिसन का लबाड? कारन द्या मला. कारन असल्याबिगर मी चार मान्सांत शबूद फिरवनार नाय. मालक वंगाळ असंल, पन शबूद मी दिलाय.

वकील : कायदा बदलला. हे कारण.

धोंडूबाई : कदी?

वकील : …नुकताच.

धोंडूबाई : पंदरा दिसांत?

वकील : विठू, पाणी आण.

धोंडूबाई : मला पानी नको. विठू, तू खाली का बघतूस रं? गाडीत बी तसाच बसलावता. कदी बदलला?

विठू : गेल्या साली, काकी.

वकील : विठू!

विठू : कारन मागत्येय ती, भाऊसाहेब. दुसरं कारन हाय का आपल्याकडं? असंल तर सांगा, मी गप बसतो. … नाय ना? काकी, गेल्या साली बदलला. तसा कागूद बी आला. तो मी भलत्या पानावर चिकटवला. ह्ये बघ, हा.

धोंडूबाई : ह्यो? येवढासा?

विठू : येवढासाच.

धोंडूबाई : बिडीच्या पानायेवढा तर हाय. ह्याच्यापायी मी बियानं वाटलं? … मोप रागवावं वाटतंय रं तुज्यावर. पन लेका, तुजं त्वांडच येवढंसं झालंय. … थांब. गेल्या साली म्हनलास. म्हंजी चांगोच्या आंगठ्याच्या आदी?

विठू : आदी.

धोंडूबाई : न् धाकलूच्या?

विठू : सगळ्यांच्या आदी.

धोंडूबाई : वकीलसाब, तुमाला कदी कळलं?

वकील : आत्ता. अर्ध्या तासापूर्वी. देवाशपथ.

धोंडूबाई : न् त्या अर्ध्या तासात तुमी ठरवलं, की मला नुसतं नाय म्हनाया सांगायचं.

वकील : हो. … हो, तेच ठरवलं होतं. मला भीती वाटली, धोंडूबाई. अजून वाटते.

धोंडूबाई : मला बी वाटती. उद्या मालक समोर बसंल, दोन वितीवर. मी नाय म्हनेन. पन सायेबानं का म्हून इचारलं की ह्ये पुस्तक दावायचं. निळं नाय, ह्येच. ज्याच्यात चुकीच्या जागी डकवलंय ते. न् ते विठूनं नाय, मी बी नाय. तुमी दावायचं, माज्या शेजारी हुबं ऱ्हाऊन.

वकील : भर कचेरीत?

धोंडूबाई : राजीनामा दे म्हनून भर ओट्यावर सांगितलं व्हतं. धा मान्सं व्हती.

विठू : भाऊसाहेब?

वकील : दाखवीन. … विठू, तू काय लिहितोयस?

विठू : सात नावं. उद्या काकीच्या कागदांसंगं ही बी जाऊ द्या. जमिनी परत मिळतील का?

वकील : अर्ज करू. मिळतील असं सांगता येत नाही. मुदती उलटल्या. एखाद्याची मिळेल. चांगोची… तिथं कलमं लागलीत, विठू. खोटी आशा तुला देत नाही.

विठू : नका देऊ. खरं काय ते कागदावर लिवा, तेवढं पुरं.

धोंडूबाई : न् चांगोला कोन सांगनार? कागूद जाईल मागनं, पन तोंडानं कोन सांगनार?

विठू : मी. उद्या कचेरी झाली की तसाच नेरळला जातो.

वकील : मी येतो तुझ्याबरोबर. सल्ला माझा होता. मीच सांगायला हवं त्याला.

विठू : तुमी नको, भाऊसाहेब.

वकील : का? मारील म्हणतोस? मारू दे.

विठू : मारंल तर बरंच. पन तुमी आलात तर तो हातातली वीट खाली ठेवून हुबा ऱ्हाईल, न् सगळं ऐकून घेऊन परत म्हनंल, बरं साहेब.